टाकी फुल, तरी मीटर म्हणतोय रिकामी

प्रश्न : सर, माझी टूरिंगची गाडी आहे, फ्युएल इंजेक्शनवाली, १५ लिटरची टाकी, डिजिटल मीटर. पाच वर्षं काही तक्रार नव्हती पण ह्या पावसाळ्यानंतर पेट्रोलचा मीटर येड्यागत करायलाय. कोल्हापुरात टाकी फुल केली, आजऱ्यापर्यंत सगळं व्यवस्थित, आंबोली घाट उतरायला लागलो तशा कांड्या एकेक करून गेल्या आणि पिवळा दिवा लागला, जीव टांगणीला. दाणोलीत चहाला थांबलो, परत चालू केली तर चार कांड्या! खड्ड्यातनं गाडी गेली तरी कधी कधी असंच होतं. शोरूमवाले म्हणतात अख्खा मीटर बदला, खर्च ऐकून गप घरी आलो. पुढच्या वर्षी लडाख करायचंय. काय करू? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आत्ता तरी मीटर बदलू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यातच अर्धं निदान आहे. कोल्हापूर ते आंबोली साधारण शंभर-सव्वाशे किलोमीटर, म्हणजे टाकीत अजून दहा-अकरा लिटर तरी असणारच. उतारावर पेट्रोल पुढं सरकतं, साइड स्टँडवर डावीकडं जातं, टुरिंग गाडीची टाकी फ्रेमवर खोगिरासारखी बसलेली असल्यामुळं एखाद-दुसरी कांडी इकडंतिकडं होणारच, तो बिघाड नव्हे. पण दहा लिटर असताना दिवा लागला तर ते घाटाचं काम नाही, कुठंतरी कनेक्शन तुटतंय.

आत काय असतं ते बघा. टाकीत एका दांडीला फ्लोट असतो, तो पेट्रोलबरोबर वरखाली होतो आणि दांडीचं दुसरं टोक एका रेझिस्टन्सच्या, म्हणजे विजेला अडवणाऱ्या पट्टीवर घासत जातं. मीटरला लिटरबिटर काही कळत नाही, तो फक्त किती ओहम (म्हणजे विजेला किती अडथळा) आहेत ते बघतो. काही गाड्यांत टाकी रिकामी म्हणजे ओहम जास्त, काहींत उलटं. तुमच्या गाडीत जास्त ओहम म्हणजे रिकामी असं असेल तर वायर सुटली काय आणि टाकी संपली काय, मीटरला दोन्ही सारखंच दिसतं. वर तुम्ही म्हणताय पावसाळ्यानंतर सुरू झालं आणि खड्ड्यात होतं. त्यामुळं माझा पहिला संशय टाकीखालच्या कप्लरवर (वायरी जोडायच्या प्लगवर), त्यात पाणी जाऊन पिना हिरव्या पडल्या असणार.

इंजिन गार झाल्यावर, मोकळ्या हवेत, चावी बंद ठेवून सीट काढा आणि टाकीचे बोल्ट सोडून मागची बाजू जरा उचला (टाकी जवळजवळ रिकामी असताना करा, नाहीतर पेलवणार नाही). फ्लोट युनिटचा कप्लर ओढून बघा. हिरवट-पांढरा थर दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, जुन्या टूथब्रशनं घासा, वाळू द्या, परत लावताना टक असा आवाज यायला पाहिजे. पिन आत ढकलली गेलीय का तेही बघा, हे फार वेळा निघतं आणि कुणी बघत नाही. पुष्कळ गाड्यांचा आजार इथंच संपतो, खर्च क्लीनरच्या डब्याचा.

नाही संपला तर मल्टिमीटर आणा, ३००-४०० रुपयांत साधा मिळतो. कप्लर सोडलेलाच ठेवून टाकीकडच्या बाजूच्या गेजच्या दोन वायरींवर ओहम मोजा आणि मित्राला गाडी हळूहळू डावीउजवीकडं कलती करायला सांगा. आकडा सावकाश सरकत गेला तर युनिट ठीक, मधेच उडी मारली किंवा एकदम ओपन, म्हणजे सर्किट तुटलेलं दाखवलं तर पट्टी झिजलीय. झिजलेल्या पट्टीची आणखी एक खूण म्हणजे मीटर दर वेळी त्याच पातळीला वेडा होतो, समजा अर्ध्या टाकीला, वरखाली मात्र शहाणा. मग फ्लोट युनिट बदला, काही गाड्यांत ते पंपाबरोबरच येतं, आधी विचारून घ्या. सील नवीनच टाका, जुनं परत वापरलं की पेट्रोल पाझरतं.

युनिट चांगलं निघालं तर हार्नेसकडच्या, म्हणजे गाडीच्या वायरिंगकडच्या कप्लरला सर्व्हिस मॅन्युअलमधल्या रेंजमधला एक रेझिस्टर (ठरावीक ओहमचा सुटा भाग) लावायचा, चावी चालू करून कांड्या स्थिर राहतात का बघायचं आणि हँडल ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. हँडल फिरवताना कांड्या हलल्या तर वायर हँडल फिरतं तिथं, स्टिअरिंग हेडपाशी घासलीय. स्थिर राहिल्या तर मीटरही निर्दोष आणि वायरिंगही. एवढं करूनही रेझिस्टर लावल्यावर हँडल न हलवता कांड्या नाचत असतील, आणि अर्थिंग नि बॅटरी चांगली असेल, तर शोरूमवाल्यांचं खरं. पण त्यांनी ह्यातलं काहीच न बघता पहिलाच घाव मीटरवर घातला, त्याला निदान म्हणत नाहीत.

लडाखसाठी मात्र मीटर दुरुस्त झाला तरी भरवसा ट्रिप मीटरवर ठेवा. टाकी फुल करायची, ट्रिप शून्य, परत फुल करताना किती लिटर बसलं त्यावरून ॲव्हरेज काढायचं, आणि हे सामान लादून काढायचं, रिकाम्या गाडीचा आकडा तिथं कामाचा नाही. समजा २८ पडलं आणि १३ लिटर वापरता येतं धरलं तर ३६४ किलोमीटर होतात, तुम्ही ३०० लाच पंप शोधा. मनाली-लेह रस्त्यावर टांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर अशी पाटी गाजलेली आहे, म्हणजे हिशेब बघा कुठं येतो. कॅन लागतोच.

प्रश्न : ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळंच गेज बिघडतात असं आमचा मेकॅनिक म्हणतो, खरं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : थोडंफार. इथेनॉल पाणी ओढून घेतं, गाडी दमट हवेत महिनोनमहिने अर्ध्या टाकीवर उभी राहिली तर तळाला ओल येऊन धातूचे भाग गंजू शकतात, म्हणून उभी ठेवायची तर टाकी भरून ठेवा. पण सगळं बिल इथेनॉलच्या नावावर फाडू नका. २००४ साली अमेरिकेत फ्लोरिडा-लुईझियानाकडं पेट्रोलमधल्या गंधकानं गेजच्या चांदीच्या कॉन्टॅक्टवर थर बसून गाड्यांचे गेज बिघडले होते, तिथं दोष गंधकाचा होता. मेकॅनिकला म्हणावं आधी कप्लर उघड.

प्रश्न : माझ्या गाडीला काटाच नाही, नुसता दिवा आहे. तो लागल्यावर किती जाते? दिवा कधी कधी लागून विझतो. – एक वाचक, चिपळूण

उत्तर : बऱ्याच गाड्यांत ह्या दिव्यामागं थर्मिस्टर (तापला की रेझिस्टन्स बदलणारा भाग) असतो. पेट्रोलमध्ये बुडालेला असेपर्यंत तो गार राहतो, उघडा पडला की तापतो, रेझिस्टन्स कमी होतो आणि दिवा लागतो. कुंभार्लीच्या वळणांवर पेट्रोल डुचमळलं की तो भिजतो नि उघडा पडतो, म्हणून दिवा लागतो-विझतो, घाबरू नका. किती जाईल ते मॅन्युअलमध्ये रिझर्व्ह किती लिटर दिलंय ते बघून ॲव्हरेजनं गुणा. तळापर्यंत मात्र नेऊ नका, इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलच त्याला गार ठेवतं, पंपाची किंमत विचारलीत तर अर्ध्या टाकीलाच भरायला लागाल.