अंड्यांवर अंडी, पिल्लं मात्र नाहीत

प्रश्न : गॅलरीला जाळी मारून झेब्रा फिंच या छोट्या पक्ष्यांच्या तीन जोड्या पाळल्या आहेत. गवत, काथ्या कायम टाकून ठेवतो. माद्या सतत अंडी घालतात, पण पिल्लं निघत नाहीत. घरट्यासाठी टांगलेल्या एका मटकीत (छोट्या मडक्यात) गवताच्या थराखाली जुनी अंडी, वर नवी! एक मादी कालपासून पिसं फुलवून खाली बसलीय. शिवाय इथे लाल मुनिया विकत मिळते, ती यांच्यात सोडू का? – एक वाचक, सांगली

उत्तर : दादा, आधी त्या खाली बसलेल्या मादीकडे बघा, बाकीचं नंतर. ती जोर काढत असेल, शेपटी खालीवर होत असेल, तर बहुधा अंडं अडकलंय. छोट्या पिंजऱ्यात वेगळी ठेवा, एका बाजूला बल्बची ऊब द्या आणि आजच पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या. पोट दाबून अंडं काढायला जाऊ नका. ते आत फुटलं तर जिवावर बेततं.

अंडं अडकतं ते बहुतेकदा कॅल्शियम कमी पडल्यामुळे. नुसत्या राळ्या-बाजरीवर अंड्याचं कवच बनत नाही. जाळीला समुद्रफेस (कटलफिशचं पांढरं हाड) कायम अडकवलेला हवा. उकडलेलं अंडं कवचासकट कुस्करून द्या, उरलेलं मात्र दोन तासांत उचला.

आता घरट्याचं. झेब्राच्या नराला काडी दिसली की ती मटकीत नेल्याशिवाय राहवत नाही. अंड्यांवर गवत अंथरलं जातं, खालची गार पडतात, मादी वर पुन्हा घालायला लागते. म्हणून पहिलं अंडं दिसलं की खाली पडलेली शेवटची काडीसुद्धा वेचून काढा. ४ ते ६ अंडी झाली की दोघं आळीपाळीने बसतात आणि १२ ते १४ दिवसांत पिल्लं निघतात. बसल्यापासून आठवड्याने अंड्यामागे टॉर्च धरा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर अंडं जिवंत आहे.

जोडीमागे दोन मटक्या, सगळ्या एकाच उंचीवर टांगा, नाहीतर वरच्या मटकीसाठी मारामाऱ्या होतात. वर्षात दोन-तीन विणी पुरे, मग मटक्या उतरवा. तुमच्या माद्यांना सध्या विश्रांतीच हवी आहे.

मुनिया अजिबात नको. ती आपल्याकडची रानातली, जाळं लावून पकडलेली असते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती विकणंही गुन्हा आणि पाळणंही. विकताना दिसली तर वनविभागाला कळवा.