कॉलमच्या बाहेर होणारं मिश्रण मॉडेलमध्ये कसं धरायचं?

प्रश्न असा की क्रोमॅटोग्राफीत पंप, नळ्या, व्हॉल्व्ह आणि डिटेक्टर सेल यांत पीक (डिटेक्टरच्या आलेखात पदार्थाचा दिसणारा उंचवटा) पसरतो, तो पसरटपणा कॉलमच्या मॉडेलमध्ये कसा घ्यायचा. बहुतेक वेळा दोन घटक पुरतात: नुसता उशीर लावणारा प्लग फ्लो भाग (यात द्रव न मिसळता सरळ पुढे सरकतो) आणि त्याला जोडून एक आदर्श ढवळलेली टाकी.

कॉलम काढून तिथे साधा कनेक्टर लावा, ॲसिटोनचा छोटा पल्स सोडा. समजा, पीक बाहेर येईपर्यंत वाहिलेलं सरासरी आकारमान 1.2 मिलि आणि प्रमाण विचलन 0.5 मिलि आलं. टाकीचं विचलन तिच्या आकारमानाइतकंच असतं, म्हणून टाकी 0.5 मिलि, उरलेला 0.7 मिलि निव्वळ उशीर. (आधी इंजेक्शनचा वाटा वजा करा: सरासरीतून इंजेक्शनचं निम्मं आकारमान, व्हेरियन्समधून, म्हणजे विचलनाच्या वर्गातून, त्या आकारमानाच्या वर्गाचा बारावा भाग.) वेगवेगळ्या भागांतल्या पसरण्याची बेरीज करताना व्हेरियन्सची होते, रुंदीची नाही.

खरी गोची प्रथिनांची. त्यांचं डिफ्युजन ॲसिटोनपेक्षा बरंच मंद, त्यामुळे लांब नळीत ती जास्त पसरतात आणि ॲसिटोनवरून काढलेला आकडा कमी पडतो. शक्य असेल तर तेच प्रथिन, न चिकटणाऱ्या बफरमध्ये, वापरा. आणि हो, नळीतला व्हेरियन्स, प्रवाह तोच ठेवला तर, साधारण व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. मॉडेल घासत बसण्याआधी दाब झेपत असेल तर नळीच बदलून बारीक लावा.