पहिल्या को-ऑपच्या शोधात असलेल्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात येऊन जरा कुठे स्थिरस्थावर होत नाहीस तोच को-ऑपच्या, म्हणजे शिक्षणाच्या सत्रांमध्ये आलटून-पालटून कंपनीत पगारी काम करण्याच्या, अर्जांची धांदल सुरू झाली, पाठवलेल्या अर्जांपैकी एकालाही अजून मुलाखतीचे बोलावणे आलेले नाही आणि वर्गातली मुले मात्र कॅलिफोर्नियातल्या कंपन्यांच्या गोष्टी करतात, असे तू लिहितेस. तुझ्या वाट्याला ‘स्ट्रीम फोर’, म्हणजे चारच महिने शिकून पहिले काम करण्याचा क्रम, आल्यामुळे जानेवारीतच कामावर रुजू व्हायचे आहे. म्हणजे विद्यापीठातली पहिली सत्र परीक्षा होण्यापूर्वीच नोकरी मागायची. ‘स्ट्रीम एट’च्या मुलांना मेपर्यंत वेळ मिळतो. सर्व को-ऑप सत्रांत पहिलेच मिळवणे सर्वांत अवघड असते, आणि हा अनुभव जवळपास प्रत्येकाचा आहे.

इथल्या कारखान्यात मी गेली अनेक वर्षे को-ऑपचे विद्यार्थी निवडतो, तेव्हा टेबलाच्या या बाजूने जे दिसते तेच सांगतो. माझे ठाम मत असे की पहिल्या कामाची जागा निवडताना कंपनीचे नाव पाहू नये, आपल्याला काम देणारा आणि तपासणारा माणूस कोण असेल हे पाहावे. को-ऑपची ही पद्धत १९०६ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या प्राध्यापकांनी सुरू केली आणि वॉटरलूने १९५७ साली अगदी स्थापनेपासून स्वीकारली, तेव्हापासून तिचा हेतू एकच राहिला आहे : वर्गात शिकलेले हाताने करून पाहावे आणि हाताने केलेले घेऊन पुन्हा वर्गात यावे. वॉटरलूजवळच्या केंब्रिजमधल्या किंवा ग्वेल्फमधल्या पंचवीस-तीस माणसांच्या कारखान्यात तुला पहिल्याच आठवड्यात यंत्राजवळ उभे करतील, तुझे ड्रॉइंग चुकले तर ते ज्याच्या हातात जाते तो मशिनिस्टच येऊन सांगेल. मोठ्या कंपनीत हे होत नाही असे नाही. पण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला तिथे बहुधा एक्सेलच्या तक्त्यांवर बसवतात. सडबरीसारख्या खाणींच्या गावी किंवा आपल्या ओंटारियो प्रांताच्या उत्तर भागात इतरत्र जायची तयारी असेल तर तसे अर्ज अवश्य कर. थंडीच्या भीतीने मुले तिकडे फिरकत नाहीत, म्हणून स्पर्धाही कमी असते.

आता रेझ्युमेविषयी. तुझा मसुदा मी वाचला. फोटो, जन्मतारीख, वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती हे सगळे काढून टाक. इथे ते कोणी देत नाही आणि निवड करणाऱ्यालाही ते समोर नको असते. बारावीची टक्केवारी एका ओळीत पुरे. सुट्टीत मामांच्या वर्कशॉपमध्ये केलेले काम मात्र तू शेवटी, छंदांच्या शेजारी लिहिले आहेस. ते वर आण. इथे टिम हॉर्टन्ससारख्या कॉफीच्या दुकानाच्या काउंटरवर केलेले काम लिहायलाही कोणी लाजत नाही, आणि वेळेवर येणारे, गिऱ्हाइकाशी नीट बोलणारे माणूस आम्हाला त्या ओळीतून कळते.

सर्वांत मोठी उणीव प्रकल्पाच्या परिच्छेदात आहे. ‘आम्ही चार जणांनी रोबोटिक हाताची रचना केली’ एवढ्यावर तू थांबली आहेस. घरी आपल्याला स्वतःचे श्रेय पुढे करू नये असे शिकवलेले असते आणि ते वळण चांगलेच आहे. पण निवड करणाऱ्याला चार जणांना नव्हे, तुला कामावर घ्यायचे असते. त्या चौघांत तू काय केलेस? मागे एका मुलीने मुलाखतीत मला एक छोटासा थ्री-डी प्रिंट केलेला ब्रॅकेट दाखवला. तिने सांगितले की सहा मिलिमीटरच्या बोल्टसाठी तिने भोक नेमके ६ मिलिमीटर काढले होते, प्रिंट झाल्यावर ते आकसले आणि बोल्ट आत जाईना. मग तिने व्हर्नियर कॅलिपरने मोजून ड्रॉइंगमध्ये ६.४ केले, पुन्हा छापले आणि बोल्ट बसला. पाच वाक्यांत तिने मोजमाप, कारण आणि दुरुस्ती हे तिन्ही सांगितले, आणि तिला मोजता येते याची माझी खात्री पटली. तुझ्या रोबोटिक हातातही असे काहीतरी नक्की घडले असणार. ते शोध, दहा ओळींत लिही, मोठ्याने वाच, आणि त्यातल्या दोन ओळी रेझ्युमेत घाल.

अर्जासोबत तुझे गुणपत्रकही जाते, म्हणून अर्जांच्या नादात गणिताच्या तासाला दांडी मारू नकोस. पोस्टिंग, म्हणजे नोकरीची जाहिरात, सावकाश वाचून, त्यात मागितलेल्या गोष्टींना धरून पाठवलेले थोडे अर्ज सरसकट पाठवलेल्या ढीगभर अर्जांपेक्षा जास्त उपयोगी पडतात. मुलाखतीनंतर कंपन्या आणि विद्यार्थी दोघेही आपापले क्रम देतात व त्यांची जुळणी होते. ती झाली की नोकरी पक्की समजली जाते, त्यामुळे जिथे जायचेच नाही त्या जागेला वरचा क्रम देऊ नकोस. या फेरीत नाव लागले नाही तरी पुढची फेरी सत्राच्या अखेरपर्यंत चालते, आणि लहान कारखाने बहुतेक त्याच वेळी जागा काढतात.

तुला एक गोष्ट कोणी सांगितलेली दिसत नाही. कॅनडाचे केंद्र सरकार विद्यार्थ्यांना कामावर घेणाऱ्या कंपन्यांना पगाराचा काही भाग परत देते. मात्र ही सवलत कॅनडाचे नागरिक, कायम रहिवासी आणि संरक्षित व्यक्ती (निर्वासित म्हणून आश्रय मिळालेले) यांच्यापुरतीच आहे. ज्या पोस्टिंगमध्ये अशी अट लिहिलेली असते तिथून नकार आला तर तो तुझ्या योग्यतेवरचा शेरा नव्हे. अशा जागा आधीच वगळ आणि तो वेळ दुसरीकडे दे. कामाच्या परवान्याचे नियम बदलत असतात. ते विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातच विचार, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर नाही. नोकरीसाठी लागणारा सोशल इन्शुरन्स नंबर मात्र आत्ताच काढून ठेव. शिवाय पूर्णवेळ शिकत असताना केलेले को-ऑपचे काम ‘कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लास’खालच्या कायम वास्तव्याच्या अर्जात अनुभव म्हणून धरले जात नाही, हे घरच्यांनाही समजावून सांग, म्हणजे त्या हिशेबाने ते तुझ्यावर दडपण आणणार नाहीत.

नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणारा कोणीही भेटला, मग तो आपल्याच गावचा आणि आपलीच भाषा बोलणारा का असेना, त्याला एक डॉलरही देऊ नकोस. परदेशी नागरिकाकडून नोकरीसाठी शुल्क घेणे आणि त्याचा पासपोर्ट ठेवून घेणे या दोन्ही गोष्टींना ओंटारियोच्या कायद्याने बंदी आहे. दुसऱ्या गावी काम मिळाले तर ऑफर हातात आल्यावरच खोली घे. इथे घरमालकाला पहिल्या महिन्याच्या भाड्याखेरीज शेवटच्या महिन्याचे भाडे आणि किल्लीसाठी परत मिळणारी अनामत एवढेच आगाऊ घेता येते. आणखी ‘डिपॉझिट’ मागितले तर ती जागा सोड.

तो दहा ओळींचा मजकूर आणि सुधारलेला रेझ्युमे मला रविवारपर्यंत पाठव. सोमवारी संध्याकाळी फोन कर. मी निवड करणाऱ्याच्या भूमिकेतून प्रश्न विचारीन, आणि उत्तरे तू इंग्रजीतच दे.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
काका