१ + १/३ + १/७ + १/१५ + … (छेद २ⁿ − १) ही बेरीज अपरिमेय आहे हे कसं सिद्ध करतात?
बेरीज द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ हे अंक वापरून) मांडून: तिच्यात शून्यांच्या हव्या तितक्या लांब रांगा सापडतात, तरी मांडणी संपत नाही, परिमेय संख्येत हे अशक्य, तिथे ठरावीक गटच फिरून येतो. हंगेरियन गणितज्ञ पॉल एर्डोश यांची ही सिद्धता १९४८ची. ठाण्यात बी.एस्सी.च्या मुलांना मी आधी पहिली पायरी फळ्यावर करायला लावते: १/३ = १/४ + १/१६ + १/६४ + …, असंच प्रत्येक पद उलगडा. मग १/६४, म्हणजे १/२⁶, चार वेळा येतो, कारण ६ चे विभाजक चार (१, २, ३, ६). किती सुंदर! पुढे चिनी शेष प्रमेयाने (वेगवेगळ्या भाजकांनी भागल्यावर हव्या त्या बाक्या देणारी संख्या मिळवून देणारं प्रमेय) लागोपाठच्या अशा संख्या निवडतात, की त्यांच्या विभाजकांची संख्या २ च्या मोठ्या घाताने भागली जावी. शून्यं तिथून येतात: त्या स्थानांवरची बेरीज हातचा म्हणून डावीकडे सरकते. मात्र ही युक्ती सगळीकडे लागू पडत नाही: १ + १/२⁵ + १/३⁵ + … अपरिमेय आहे का, याचा निकाल अजून लागलेला नाही.