वाचकांचे प्रश्न : जुन्या काळ्या गाडीचा रंग किती घासावा?

प्रश्न (भुसावळ) : गेल्या दिवाळीत मी पुण्याहून २००७ सालची काळी मर्सिडीज एसएलके ही दोन आसनी गाडी जुन्या बाजारातून घेतली. घेताना तिच्या रंगात तोंड दिसत होते. घरी आणून दोन-तीन वेळा धुतल्यावर मात्र उन्हात सर्वत्र गोलाकार, बारीक ओरखड्यांचे जाळे दिसू लागले. बॉनेटवर आणि डिकीवर पाण्याचे पांढरे डाग आहेत आणि हात फिरवला तर पत्रा खरखरीत लागतो. ओळखीच्या पेंटरने रंगाची जाडी यंत्राने मोजली, तेव्हा बॉनेटवर ११५, टपावर ९२, उजव्या दारावर १२०, डाव्या दारावर २६० आणि मागच्या डाव्या फेंडरवर ६०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असे आकडे आले. रंगाचा क्रमांक ०४० आहे. गाडी अंगणात पत्र्याच्या शेडखाली उभी असते आणि रेल्वेचे यार्ड जवळच आहे. एका वॉशिंग सेंटरचे म्हणणे असे, की मशीनने जोरदार रबिंग केले की गाडी नवी होईल. पेंटर म्हणतो, की पूर्ण गाडीच रंगवून घ्या. काय करावे?

उत्तर : यातले काहीही इतक्यात करू नये. आपण जाडीचे आकडे कळवले हे फार चांगले झाले, कारण जुन्या गाडीच्या रंगाविषयीचा कोणताही सल्ला त्या आकड्यांवाचून हवेतला असतो. कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. त्या सर्वांची मिळून जाडी साधारणपणे १०० ते १४० मायक्रॉन भरते आणि त्यातला क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. काळ्या रंगाची सगळी लकाकी या पातळ थराच्या सपाटपणावर अवलंबून असते. पॉलिश केल्याने ओरखडा भरून येत नाही. त्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट झिजवला जातो, म्हणून तो दिसेनासा होतो. सूर्याच्या अतिनील किरणांना अडवणारी द्रव्येही याच थरात असल्यामुळे तो फार पातळ झाला, की काही उन्हाळ्यांत पांढुरका पडून त्याचे पापुद्रे निघू लागतात.

आता आपले आकडे पाहू. बॉनेट आणि उजवे दार यांचा रंग मूळचा दिसतो. डावे दार पुन्हा रंगवलेले आहे, आणि मागच्या डाव्या फेंडरवर रंगाखाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवण्याची पुट्टी, भरलेली असणार, कारण नुसत्या रंगाने ६०० मायक्रॉन होत नाहीत. हे विकणाऱ्याने सांगितले नसेल, तर आश्चर्य वाटून घेऊ नये. ०४० हा धातूच्या चकाकीविना असलेला साधा काळा रंग असल्याने तो नंतर मारला तरी सहज जुळून जातो आणि डोळ्यांना फरक कळत नाही. टपाचा ९२ हा आकडा मात्र मला खटकतो. तो कारखान्यातूनच कमी असू शकतो किंवा पूर्वीच्या मालकांनी वारंवार बफिंग, म्हणजे मशीनने घासून चकाकवणे, करून घेतल्यामुळे कमी झालेला असू शकतो. हे यंत्र सर्व थरांची एकत्र जाडी सांगते, त्यातला क्लिअर कोट किती उरला हे सांगत नाही, त्यामुळे टपावर शिल्लक थोडीच आहे असे समजून वागणे शहाणपणाचे.

घेताना दिसलेली लकाकी दोन धुण्यांत गेली, याचे कारण बहुधा ग्लेज. जुन्या गाड्या विकायला काढताना तेल आणि भरणद्रव्ये असलेले ग्लेज चोळले, की ओरखड्यांच्या खाचा तात्पुरत्या भरतात, गाडी काळीकुळकुळीत दिसते आणि शाम्पूच्या धुण्याबरोबर ते सगळे वाहून जाते. यापुढे कोणीही पॉलिश करून दाखवले, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून त्या जागेवरून मायक्रोफायबर फडके फिरवायला सांगावे आणि मगच उन्हात किंवा विजेरीच्या प्रकाशात निकाल पाहावा. त्यानंतरही जे दिसत नाही, तेवढेच खरोखर गेले.

खरखरीतपणाचे मूळ आपल्या गावातच आहे. रेल्वेच्या ब्रेकमधून आणि रुळांवरून उडणारे लोखंडाचे सूक्ष्म कण तापलेल्या पत्र्यावर बसून क्लिअर कोटमध्ये रुततात आणि तिथेच गंजतात. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या बाजूने येणारी राख पोहोचत असेल, तर तिचे सिलिका आणि अ‍ॅल्युमिनाचे कण काचेइतके कठीण असतात. अशी धूळ बसलेल्या गाडीवरून रोज सकाळी कोरडे फडके मारणे ही आपल्याकडची सर्वांत हौसेची आणि सर्वांत घातक सवय आहे. ते गोलाकार जाळे बहुतांशी तिनेच विणलेले असते आणि उरलेले वॉशिंग सेंटरच्या एकाच बादलीतल्या, दहा गाड्यांवर फिरलेल्या स्पंजाने.

म्हणून आधी धुणे. गाडी सावलीत आणि पत्रा थंड असताना भरपूर पाण्याने नुसती धूळ वाहून जाऊ द्यावी, मग शाम्पूची एक आणि साध्या पाण्याची एक अशा दोन बादल्या घेऊन, हातमोजा प्रत्येक भागानंतर साध्या पाण्यात पिळून, वरून खाली यावे. यानंतर लोखंडाचे कण विरघळवणारे आयर्न रिमूव्हर फवारावे. त्याचा वास नकोसा असतो आणि कणांशी संयोग होताच ते जांभळे पडून ओघळू लागते. काळ्या रंगावर ते जांभळेपण उठून दिसत नाही, तेव्हा खाली वाहणाऱ्या पाण्याकडे लक्ष ठेवावे. ते पत्र्यावर वाळू देऊ नये. एवढे करूनही प्लास्टिकची पातळ पिशवी हातावर चढवून बोटे फिरवली असता खरखर जाणवली, तर क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, वापरावा, तोही भरपूर ओलाव्यावर आणि दाब न देता. क्ले जमिनीवर पडला, तर तो टाकून द्यावा. कितीही महाग असला तरी.

पांढरे डाग बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांचे आहेत. पांढरे व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून त्याचे ओले फडके डागावर एक-दोन मिनिटे ठेवावे आणि लगेच धुऊन टाकावे. फरशी धुण्याचे अ‍ॅसिड वापरण्याचा सल्ला कोणी दिला, तर ऐकू नये. व्हिनेगरने न जाणारा डाग हा खड्डा असतो, तो पॉलिशनेच कमी होतो. या संदर्भात आणखी एक गोष्ट: घरातल्या आरओ यंत्राचे वाया जाणारे पाणी गाडी धुण्यासाठी साठवण्याची पद्धत काटकसरीची वाटते, परंतु त्या पाण्यात क्षार मूळ पाण्याहून जास्त असतात. काळ्या गाडीला ते लावूच नये. शेवटची बादली आरओच्या शुद्ध पाण्याची घेतली आणि लगेच टिपून घेतले, तर डाग पडणे जवळजवळ थांबते.

आता पॉलिश. मर्सिडीजने २००३ च्या अखेरीपासून सिरॅमिकचे सूक्ष्म कण असलेला, नेहमीपेक्षा कठीण क्लिअर कोट वापरायला सुरुवात केली. आपल्या गाडीच्या मूळ रंगावर तो असणार. त्यावर ओरखडे लवकर उमटत नाहीत, पण उमटलेले लवकर जातही नाहीत, आणि नेमके याच ठिकाणी कारागीर अधीर होऊन लोकरीचे पॅड आणि भरड कंपाउंड, म्हणजे रंग घासणारी दाणेदार पेस्ट, काढतो. एकाच अक्षावर फिरणारे जुन्या पद्धतीचे बफिंग मशीन अननुभवी हातात असेल, तर कडांवर उष्णता साठून क्लिअर कोट जळतो आणि उन्हात तिरप्या, सरकत्या छटा दिसतात. काळ्या रंगावर त्या लपवता येत नाहीत. त्यापेक्षा स्वतःभोवती फिरता फिरता डोलणारे ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर सुरक्षित. वेळ जास्त लागतो, लागू द्यावा. हे काम मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना काढू नये, पॉलिश पसरण्याआधीच वाळते. दिवाळीनंतरच्या थंडीत किंवा निदान पहाटे करावे.

रबराच्या पट्ट्या, दिवे आणि पत्र्याच्या धारदार कडा चिकटपट्टीने झाकून बॉनेटवर हातभर चौकोनात प्रथम प्रयोग करावा: मऊ पॅड, सौम्य पॉलिश, सावकाश उभ्या-आडव्या चार-सहा फेऱ्या, मग अल्कोहोलने पुसून पाहणी. समाधान झाले नाही, तर आधी पॅड बदलावे, नंतर पॉलिश. दोन्ही एकदम बदलू नयेत. डाव्या दारासाठी हा प्रयोग स्वतंत्रपणे करावा, कारण गॅरेजमध्ये मारलेला क्लिअर कोट कारखान्यातल्याइतका कठीण नसतो आणि उजव्या दाराला जे जेमतेम पुरते, ते डाव्या दाराला जास्त होऊ शकते. सौम्य पॉलिशने साधारण एखादा मायक्रॉन जातो, भरड कंपाउंडने त्याच्या काही पट. नख अडकेल इतका खोल चरा घासून काढण्याचा हट्ट सोडावा. दहापैकी सात-आठ ओरखडे गेले, की थांबावे, आणि टपावर तर एक सौम्य फेरी करून उरलेले ओरखडे तसेच राहू द्यावेत. टप बघायला वर कोण चढतो?

पूर्ण गाडी रंगवण्याची गरज मला दिसत नाही. एखाद्या भागाचा क्लिअर कोट पापुद्र्यासारखा सुटू लागला, तर पॉलिशचा उपाय उरत नाही. तेव्हा तेवढाच भाग बंद बूथमध्ये रंगवून, साधारण ६० अंशांवर भाजून घ्यावा. रस्त्याच्या कडेला उघड्यावर मारलेला काळा रंग धुळीच्या दाण्यांसह वाळतो. त्याच काळ्या रंगाने रंगवण्यास हरकत नाही, पण उत्साहाच्या भरात रंग बदलायचा झाला, तर आरटीओकडून नोंदणी पुस्तकात तशी नोंद करून घ्यावी लागते.

प्रश्न (धुळे) : माझ्याकडेही जुनी काळी स्पोर्ट्‌स कार आहे. येथे टेफ्लॉन कोटिंग, नाइन-एच सिरॅमिक कोटिंग आणि मेण असे तीन पर्याय सांगितले जातात. सिरॅमिकनंतर ओरखडे पडतच नाहीत, हे खरे आहे का?

उत्तर : नाही. नाइन-एच हा पेन्सिलीने ओरखडून पाहण्याच्या कसोटीतला क्रमांक आहे, ज्या मोजपट्टीत हिरा सर्वांत वर असतो, त्या खनिजांच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवरचा नव्हे. वाळूतले क्वार्ट्‌झ अशा कोटिंगला सहज ओरखडते. हा थर मायक्रॉनभर जाडीचा असतो. पाणी आणि घाण चिकटू न देणे हे त्याचे खरे काम, आणि ते तो चांगले करतो. दगडाच्या टोल्यापासून बचाव हवा असेल, तर १५० ते २०० मायक्रॉन जाडीची पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्मच लागते. सुरतेकडे किंवा नागपूरकडे महामार्गाने वरचेवर जाणे होत असेल, तर निदान बंपर आणि बॉनेटच्या पुढच्या भागावर ती लावण्याचा विचार करावा, पण जुना, पुन्हा मारलेला रंग फिल्म काढताना तिच्यासोबत उचलला जाऊ शकतो, म्हणून आधी जाडी मोजून घ्यावी. टेफ्लॉन भांड्यावर पक्के बसवण्यासाठी तीनशे अंशांहून अधिक उष्णता द्यावी लागते. गाडीच्या रंगावर ती देता येत नाही, तेव्हा त्या नावाला जास्त पैसे देऊ नयेत.

ताडाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण काळ्या रंगाला जी खोली देते, ती मला व्यक्तिशः सिरॅमिकपेक्षा अधिक आवडते. ते ८२ अंशांच्या पुढे वितळते आणि उन्हातला काळा पत्रा उन्हाळ्यात सत्तरीपार जाऊ शकतो, त्यामुळे आपल्या भागात ते फार दिवस टिकत नाही, हे गृहीत धरावे. गाडी रोज उन्हात उभी राहत असेल तर सिरॅमिक, रविवारीच बाहेर निघत असेल तर मेण. सिरॅमिक लावण्याआधी पॉलिश नीट झालेच पाहिजे, अन्यथा ओरखडे त्याच्याखाली बंद होतात आणि ते काढायचे म्हणजे कोटिंगही घासून काढणे आले.

प्रश्न (शिरपूर) : भाच्याच्या लग्नात माझी काळी गाडी नवरदेवासाठी सजवली होती. चिकटपट्टी दोन दिवस उन्हात राहिली आणि आता बॉनेटवर गोंदाचे पट्टे आहेत. थिनरने काढू का?

उत्तर : थिनर मुळीच नको, बॉनेट कधी पुन्हा रंगवलेले असेल, तर तो रंगच मऊ पाडेल. पातेही नको. केस वाळवण्याच्या यंत्राने पट्टा कोमट करावा, बोटाने गोळा होईल तेवढा गोंद काढावा आणि उरलेला आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा डांबराचे डाग काढणाऱ्या टार रिमूव्हरने थोडा थोडा पुसावा. घरात केवळ रॉकेल असेल तर तेही चालते, पण त्याचा तेलकट थर शाम्पूने लगेच धुऊन टाकावा. गोंद गेल्यावरही पट्ट्याची कड उमटलेली दिसली, तर तेवढ्याच जागी हाताने सौम्य पॉलिश करावे. पुढच्या लग्नात फुलांच्या माळा डिकीच्या आणि बॉनेटच्या फटींतून आत अडकवलेल्या कापडी नाड्यांना बांधाव्यात आणि वरात परतली, की त्याच रात्री उतरवाव्यात.