फॉर्च्युनरला सहा पिस्टनचं किट बसवण्याआधी ब्रेक ऑइल बदला

तुमची २०१२ ची फॉर्च्युनर, रनिंग १ लाख ४० हजार, टायर २८५/७० आर १७. सात माणसं आणि सामान घेऊन महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना ‘पेडल मऊ पडून खाली गेलं’ असं तुम्ही लिहिलंय. आता दुकानदार पुढे सहा पिस्टनचे कॅलिपर (पिस्टननं पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आणि मोठ्या डिस्क बसवा म्हणतोय. माझं मत विचाराल तर आत्ता तो खर्च करू नका. तुम्ही सांगताय त्या दुखण्यावर ते औषध नाही.

घाटात ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतात. पॅड प्रमाणाबाहेर तापले तर पेडल कडकच राहतं, पण पाय रोवून दाबलं तरी गाडी हवी तशी धरत नाही. ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल मऊ पडतं, कारण पाइपात वाफ होते आणि तुमच्या पायाचा जोर ती वाफ दाबण्यातच जातो. तुमचा प्रकार हा दुसरा दिसतोय.

मी तो अनुभवलाय, म्हणून इतकं कळकळीनं लिहितोय. महाबळेश्वर-पोलादपूरचा हाच आंबेनळी घाट, गाडीही हीच, मागे आई-वडील. प्रतापगडाचा फाटा मागे टाकून चार-पाच वळणं झाली असतील. पुढच्या वळणाला ब्रेक दाबला तर पाय थेट खाली. भराभर पंपिंग केलं, दुसरा गिअर टाकला, डोंगराच्या बाजूला घेतली आणि हँडब्रेक हळूहळू ओढून थांबवली. वडिलांनी उतरून चाकांना दगड लावले. पुढच्या चाकांतून जळका वास येत होता. पाऊण तासानं पेडल पुन्हा कडक झालं, जणू काही घडलंच नव्हतं. त्या आठवड्यात सर्व्हिसिंग झालेलं होतं आणि कागदावर ‘ब्रेक ऑइल तपासले’ अशी खूणही होती. तपासली होती ती फक्त लेव्हल. नंतर ब्रेकच्या पाइपातली हवा काढताना नळीतून कोऱ्या चहासारखं काळपट ऑइल आलं.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. त्याच्या डॉट ३, डॉट ४ अशा प्रती असतात. डॉट ३ कोरं असताना निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं मानक आहे, पण ओल शिरल्यावर ती मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ला हेच आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ ला २६० आणि १८०. म्हणून दर दोन वर्षांनी पूर्ण ऑइल बदलायचं, तेही सीलबंद डब्यातलं. डॉट ५ मात्र वेगळंच, सिलिकॉनचं असतं. ते यात अजिबात घालू नका.

उतारावर किती उष्णता तयार होते याचा अंदाज घ्या. भरलेली गाडी २४०० किलोची धरली, तर १०० च्या वेगावरून एकदा पूर्ण थांबवताना ब्रेक साधारण ९२५ किलोज्यूल पचवतात. महाबळेश्वर ते पोलादपूर उतार १२०० मीटरच्या वर आहे. तो सगळा ब्रेकवर उतरलात तर उष्णता होते २८ हजार किलोज्यूल, म्हणजे १०० वरून तीस वेळा थांबवल्याइतकी. यातला मोठा वाटा इंजिननं उचलायला हवा. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून रेंगाळू नका. वेग वाढला की जोरात दाबून कमी करायचा आणि पाय उचलायचा.

आता मागची चाकं. तुमच्या मॉडेलला मागे ड्रम आहेत, म्हणजे चाकाबरोबर फिरणारं भांडं, ज्याला आतून लायनर घासून ब्रेक लागतो. डिस्क २०१६ च्या नव्या फॉर्च्युनरला आल्या. ड्रमचा आपोआप होणारा ॲडजस्टर धूळ-गंजानं अडकला की लायनर आणि ड्रममधलं अंतर वाढत जातं, आणि मग गाडी थंड असतानाही पेडल खोल लागतं. ड्रम उघडून साफ करा, ॲडजस्टर फिरतोय का ते हातानं बघा. पुढे कॅलिपरचे पिस्टन सगळे सारखे मागे जातात का तेही बघून घ्या. एकाच चाकातले दोन पॅड कमी-जास्त झिजले असतील, तर एखादा पिस्टन अडकलाय असं समजा. बारा वर्षांपेक्षा जुने रबरी होज बदलाच.

टायरचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलाय, पण माझ्या मते दुखण्यात त्याचाही वाटा आहे. कंपनीचा टायर २६५/६५ आर १७, व्यास सुमारे ७७६ मिलिमीटर. तुमचा ८३१ भरतो. म्हणजे पायाचा जोर तोच असला तरी रस्त्यावर मिळणारा ब्रेकचा जोर साधारण साडेसहा टक्क्यांनी घटला, शिवाय फिरतं वजन वाढलं ते वेगळंच. पुढच्या वेळी मूळ मापावर या.

पॅडच्या कडेला आकडे-अक्षरांची एक ओळ छापलेली असते. त्यातली शेवटची दोन इंग्रजी अक्षरं वाचा. पहिलं अक्षर साध्या तापमानातलं घर्षण सांगतं, दुसरं गरम झाल्यावरचं. ई पेक्षा एफ चांगलं, एफ पेक्षा जी. ‘एफई’ असेल तर गरम झाल्यावर पॅड ढिला पडतो. निदान ‘एफएफ’ घ्या, जमलं तर ‘जीजी’. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, तिच्याजवळ आली असेल तर कंपनीच्याच मापाची नवी घाला. मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर वेग ६० वरून १० पर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक दाबून आणा, पूर्ण थांबू नका, मध्ये थंड होऊ द्या. चाकाचे नट गनने ठोकून आवळू देऊ नका, टॉर्क पान्यानं आवळायला लावा. असमान आवळल्यानंही पुढे स्टिअरिंग थरथरू शकतं.

किट वाईट नसतं. मोठी डिस्क उष्णता जास्त साठवते, हे खरंच. पण मूळ मास्टर सिलिंडरवर (पेडलच्या जोरानं ऑइल ढकलणारा भाग) मोठे पिस्टन लावले की पेडलचा प्रवास वाढतो, म्हणजे तुमची तक्रार आहे तीच वाढणार. पुढचा-मागचा तोल बदलतो आणि एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) जुन्याच हिशोबावर चालतं. विमा कंपनीला कळवावं लागेल ते निराळं.

आधी ऑइल, ड्रम, होज आणि पॅड एवढं करून त्याच घाटातून तेवढ्याच वजनानिशी उतरून बघा. तेव्हाही पेडल कडक राहून गाडी धरत नसेल, तर पॅडवरची दोन अक्षरं आणि डिस्कची जाडी इथं लिहा. मग किटचं बोलू.