पार्लानो म्हणताना जोर कुठे द्यायचा?
तुम्ही इटालियनमधलं ‘पार्लानो’ (ते बोलतात) म्हणताना ‘ला’वर जोर देताय, तिथेच गाडी घसरते. आधी एकवचन म्हणा: पार्ला, जोर ‘पार्’वर. अनेकवचनात नुसता ‘नो’ चिकटतो, जोर जागचा हलत नाही: पार्-ला-नो. ‘आबितानो’त (ते राहतात) तर तो थेट ‘आ’वर, शेवटून चौथ्या अक्षरावर! मात्र ‘आम्ही’, ‘तुम्ही’च्या रूपांत तो पुढे सरकतो: पार्ल्यामोत ‘ल्या’वर, पार्लातेत ‘ला’वर.

अक्षरं तोडताना दुहेरी व्यंजन मधोमध फोडा: मेत्-तो-नो (ते ठेवतात).

मराठीत आघाताने (म्हणजे जोराने) सहसा अर्थ बदलत नाही, म्हणून आपण बेफिकीर. इकडे ‘कापितानो’ बघा: ‘का’वर जोर दिला तर ‘घडतात’, ‘ता’वर दिला तर कप्तान, ‘नो’वर दिला तर ‘त्याने नेतृत्व केलं’. लिहिताना आघातचिन्ह फक्त शेवटच्यालाच मिळतं, म्हणून नवं क्रियापद वहीत उतरवताना जोराच्या अक्षराखाली रेघ मारा.